एजे, कुठे निघालात?

झूराकानने एकतीस वर्षं काराकोलच्या बस स्टँडवरून माणसं घालवली. घालवली म्हणजे माइकवरून. काचेच्या खोक्यात बसायची, समोर चहाचा पेला, आणि सबंध स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "बिश्केकची गाडी तीन नंबरला लागली आहे. जाणाऱ्यांनी आत बसावं, पोचवायला आलेल्यांनी खाली उतरावं." यातलं दुसरं वाक्य तिच्या पदरचं होतं. आमच्याकडे एक माणूस प्रवासाला निघाला की चौदा जण पोचवायला येतात, त्यातले नऊ गाडीत चढतात आणि दोघे बोलण्याच्या नादात पुढच्या गावापर्यंत जातात. त्यामुळे तिला एकेकाला हाक मारून सांगावं लागायचं. "निळ्या रुमालवाल्या आजी, नातवाला सोडा आता. तो लष्करात चाललाय, चंद्रावर नाही." आजी सोडायची. त्या आवाजाला ड्रायव्हर टरकून असायचे, तिथे आजीची काय कथा.

पाच वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी यंत्र बसवलं. यंत्रात बिश्केकच्या कुणा पोरीचा साखरेत घोळलेला आवाज भरलेला. त्या आवाजाने बस काय, मांजरसुद्धा घराबाहेर पडणार नाही, असं झूराकानचं मत होतं आणि ते तिने स्टँडवर जाऊन दोनदा सांगितलंही. नोकरी गेली, पण आवाज गळ्यातच राहिला. ती एखाद्याच्या कानात गुपित सांगायची ते तळमजल्यावर कळायचं. नवरा आधीच वारला होता. मुलगी मॉस्कोत एका खाणावळीत कामाला. रविवारी तिचा फोन यायचा, "आई, बरी आहेस ना? बरं, ठेवते." चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत झूराकान एकटी, आणि आवाजाला गिऱ्हाईक नाही.

अशात तिचा धाकटा भाऊ असानकुल डोंगरातून एक कुत्रा घेऊन आला. तो तिला एजे म्हणायचा, म्हणजे ताई; तशी ती सगळ्यांचीच एजे होती.

कुत्रा तायगान जातीचा. उंच, काटकुळा, कानांवर लांब केस आणि चेहऱ्यावर खानदानी दुःख. हे कुत्रे कोल्ह्याच्या मागे सुटले की डोळा ठरत नाही. याचं नाव इल्बिर्स, म्हणजे बर्फातला बिबळ्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! शिकारीला नेलं की बाकीचे कुत्रे कोल्ह्यामागे जायचे आणि हा असानकुलच्या घोड्याला चिकटून उभा.

"कोल्हा उजवीकडे पळतोय आणि हा माझ्या तोंडाकडे बघून विचारतोय, तुम्ही कुठे जाणार नाही ना?" असानकुल म्हणाला. "वर जायलोच्या उन्हाळी कुरणावर न्यायचा तर साखळीनेच बांधून ठेवावा लागेल. नाहीतर घोड्याच्या पायाखाली येऊन मरेल एखाद दिवशी. एजे, याला एकटं राहवत नाही. तुला एकटीला कुणी विचारत नाही. तुमचं जमेल बघ."

"जिभेला हाड नाही मेल्याच्या," झूराकान म्हणाली, आणि तिने कुत्र्याला आत घेतलं.

जमलं. जरा जास्तच जमलं. ती चुलीपाशी गेली की इल्बिर्स चुलीपाशी. ती संडासात गेली की हा दाराच्या फटीला नाक लावून बाहेर. ती दिवसभर त्याच्याशी बोलायची, आणि तो मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती करून ऐकायचा. एकतीस वर्षांत तिचं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. प्रवासी ऐकायचे, पण त्यांना फक्त गाडीचा नंबर हवा असायचा.

चौथ्या दिवशी पीठ संपलं आणि तिला बाजारात जाणं भाग पडलं.

आता झूराकान घरातून निघते म्हणजे काय काय करते ते सांगायला हवं. आधी ती कोट घालून स्टुलावर दोन मिनिटं बसते, कारण न बसता निघालं की वाट वाकडी होते. मग टेबलावरच्या नानचा तुकडा मोडून तोंडात टाकते, कारण घरचा नान चाखून गेलेला माणूस घरी परत येतो. मग दोन्ही हात पसरून जाणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना बाता देते, म्हणजे आशीर्वाद, आणि तेच हात चेहऱ्यावरून फिरवते. हे सगळं तिने रीतसर केलं. राहणारा एकटा इल्बिर्स होता, म्हणून त्यालाही नानचा तुकडा भरवला, त्याच्या डोक्यावर हात ठेवून बाता दिली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सांगितलं, "मी बाजारात जाते आहे. पीठ, कांदे आणि साबण. साडेअकराला परत. दारावर कुणी आलं तर बोलू नकोस. माझं बाळ ते! रडायचं नाही हं. रडायचं नाही." इथपर्यंत येताना ती स्वतःच डोळे पुसत होती.

इल्बिर्स थरथर कापायला लागला. त्याच्या दृष्टीने हे बाजारात जाणं नव्हतं, ही मयत होती.

साडेअकराला येते म्हणाली ती दीडला आली, कारण बाजारात ओळखीची माणसं असतात. तोपर्यंत इल्बिर्सने दाराला थंडीसाठी ठोकलेला लोकरीचा नमदा खालून वीतभर ओरबाडला होता, नवऱ्याचा डावा बूट खाल्ला होता, आणि सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. घर म्हणजे चारही मजले. तो असा रडत होता की डोंगरातल्या लांडग्यांनी येऊन त्याची समजूत काढली असती.

दारात कासिमाली उभा होता. कासिमाली दुसऱ्या मजल्यावर राहायचा. शाळेत कवायतीचा मास्तर होता, आता इमारतीचा प्रमुख होता, आणि दोन्ही कामं त्याने एकाच आवाजात केली. त्याच्या हातात तक्रारींची लाल वही असायची.

"एजे, नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाला. एक वाजून एकतीसला थांबला. मध्ये पाणी प्यायला दोनदा थांबला असावा. मी सगळं टिपलंय."

"तुला दुसरं काही काम नाही का रे?"

"हेच काम आहे. वर चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला वाटलं युद्ध सुरू झालं, तो तळघरात जाऊन बसलाय. हे बघा, तुमचा मान आहे म्हणून सांगतो. असानकुलचा ट्रक जूनच्या पहिल्या रविवारी मेंढ्या घेऊन जायलोवर जातो. तोपर्यंत कुत्रा गप्प झाला तर राहील. नाही झाला, तर तोही मेंढ्यांबरोबर जाईल. सगळ्यांनी सह्या केल्यात."

"वर त्याला साखळीत घालतील."

"इथे आम्हाला वेडाच्या इस्पितळात घालतील," कासिमाली म्हणाला, आणि वही मिटून गेला.

त्या दिवशी झूराकान जेवली नाही. साखळीत इल्बिर्स कसा दिसेल हे तिला जेवताना दिसत होतं. महिना हातात होता. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण नुरजात विशीतली, हात कोपरापर्यंत गायीत घालण्याची सवय असलेली. कुत्र्याच्या मनाचं दुखणं घेऊन कुणीतरी आलं याचाच तिला आनंद झाला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एजे, तुम्ही घरातून निघता कशा, ते मला करून दाखवा."

झूराकानने करून दाखवलं. नान नव्हता म्हणून डॉक्टरिणीच्या डब्यातला तळलेल्या पिठाचा बोरसोक घेतला. बाता द्यायला हात पसरले मात्र, इल्बिर्स सरपटत टेबलाखाली गेला आणि तिथून कुंथायला लागला.

नुरजात हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "एजे, तुम्ही त्याला रोज शेवटचा निरोप देताय! त्याला काय कळणार कांदे आणायला चाललात? त्याला वाटतं, ही बाई आता परत येत नाही."

"परत येते की!"

"परत आल्यावर काय करता?"

"त्याला मिठी मारते. रडते. विचारते, कसे काढलेस रे दिवस?"

डॉक्टरिणीने कपाळावर हात मारला. मग तिने सांगितलं ते असं. निघताना निरोप नाही, मुका नाही, नान नाही, बाता नाही. कोट घालायचा आणि जायचं नाही, भांडी घासत बसायचं. किल्ल्या वाजवायच्या आणि चहा टाकायचा. कोट आणि किल्ल्या म्हणजे संकट नव्हे हे त्याला पटलं, की एक मिनिट बाहेर. तो रडायच्या आत परत. परत आल्यावर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, तो शांत झाला की मगच हाक. मग दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. आणि जाताना नमद्याचा एक पोकळ गोळा शिवून त्यात सुक्या दह्याचे कुरुत भरून द्यायचे. ते बाहेर काढण्यात त्याचा वेळ जाईल.

"न सांगता निघू?" झूराकानचा आवाज चढला, शेजारच्या खोलीतली गाय हंबरली. "माझ्या घरातून? चोर आहे का मी?"

"कुत्रा ठेवायचाय ना?"

झूराकानने इल्बिर्सची दोरी उचलली आणि न भांडता निघाली. असं फार कमी वेळा व्हायचं.

दुसऱ्या दिवसापासून ती ऐन मे महिन्यात हिवाळी कोट घालून घरात वावरायला लागली. कोट घालून कांदे चिरले. कोट घालून कपडे धुतले. किल्ल्या वाजवत फरशी पुसली. समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या आणि डोक्याकडे बोट नेऊन एकमेकींना खुणा करत होत्या. पहिले दोन दिवस इल्बिर्स कोट दिसला की कापायचा. पाचव्या दिवशी त्याने कोटाकडे बघून जांभई दिली. झूराकानने ती जांभई मुलीला फोन करून कळवली. मुलगी म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" आणि या वेळी तिने लगेच फोन ठेवला नाही.

सातव्या दिवशी पहिलं मिनिट. झूराकानने गोळा जमिनीवर ठेवला, तोंड घट्ट मिटलं आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं. आत शांतता. तिने मनात साठ अंक मोजायला घेतले. अठरावर होती तेव्हा खालून आवाज आला.

"एजे, कुठे निघालात?"

दुसऱ्या मजल्यावर उमसुनाय राहायची. पन्नाशीची, गोरीगोमटी, आणि हवा येण्यासाठी म्हणून दार सताड उघडं ठेवणारी. हवेबरोबर बातम्याही यायच्या.

"कुठेच नाही," झूराकान जमेल तितकं हळू म्हणाली. तळमजल्यावर दोघांनी मान वर केली.

"कुठेच नाही, आणि कोट घालून? माझ्यापासून लपवता होय? बरं, नका सांगू. पण दारावरून तशाच जाणार का? आत्ताच तंदूरमधून आणलाय, नान चाखून जा."

आता हे परदेशी माणसाला कळायचं नाही. उघडं दार, मांडलेलं टेबल, त्यावर गरम नान, आणि मालकीण म्हणतेय चाखा. न चाखता पुढे जाणं म्हणजे त्या घरावर थुंकणं. झूराकान चार पायऱ्या उतरली आणि उभ्या उभ्या तुकडा मोडला. नुसता नान कसा खाणार, म्हणून जर्दाळूचा मुरंबा आला. मुरंबा आला म्हणून चहा आला. चहा आला म्हणून बसावं लागलं. बसल्यावर उमसुनायच्या जावेने काय केलं ते कळलं, आणि ते अर्ध्यात सोडून उठण्यासारखं नव्हतं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा वरून हंबरडा आला, आणि शेजारच्या दारातून लाल वही बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी तिने वरचा जिना धरला. चौथ्या मजल्यावरचा म्हातारा तळघरातून परत आला होता आणि त्या आनंदात त्याच्या बायकोने बोरसोक तळले होते. पंचवीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी ती चपला हातात घेऊन, भिंतीला चिकटून तळमजल्यापर्यंत गेली, तर तिथे बाळाला दात आल्याचं निमित्त होतं. तास गेला. सगळा जिना म्हणजे चार मजली पाहुणचार. इल्बिर्स पुन्हा कोट बघून कापायला लागला, आणि रविवार दोन आठवड्यांवर आला.

तेव्हा झूराकान अंगणात गेली, घसरगुंडीच्या शिडीवर चढली, आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा तिने पूर्ण आवाज सोडला.

"सर्व रहिवाशांना सूचना! उद्यापासून मी जिन्यात दिसले, तर मी दिसत नाही. कुणीही मला कुठे निघालात म्हणून विचारणार नाही. कुणीही नान दाखवणार नाही. सलाम करणार नाही. जो विचारेल, त्याने माझा कुत्रा साखळीत घातला असं मी समजेन. सूचना संपली!"

बाल्कन्या भरल्या. कुणी हसलं नाही, कारण आवाज शेवटी थोडा फाटला होता.

काराकोलच्या माणसाला उपाशी राहा म्हणा, राहील. पण जिन्यातून कोट घालून जाणाऱ्या बाईला कुठे निघालात हे विचारू नको म्हणणं म्हणजे शिंक आली असताना नाक धरायला सांगणं. उमसुनायने तोंडात रुमालाचा बोळा कोंबून घेतला आणि डोळ्यांनी विचारत राहिली. तळमजल्यावरच्या बाळाच्या आजीने झूराकान दिसली की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं ठरवलं. चौथ्या मजल्यावरचा म्हातारा फक्त आकाशाला म्हणायचा, "कुणीतरी कुठेतरी चाललंय वाटतं." पण पाळलं सगळ्यांनी. दारं लोटून घेतली. नान झाकून ठेवले.

कासिमाली म्हणाला, हे शिस्तीने व्हायला हवं. त्याच्याकडे शाळेतलं स्टॉपवॉच होतं. तो झूराकानच्या दाराबाहेर उभा राहायला लागला आणि लाल वहीत तक्रारींऐवजी वेळा टिपायला लागला. एक मिनिट. दोन मिनिटं. साडेचार. सात मिनिटं बारा सेकंद झाली त्या दिवशी त्याच्या तोंडून शिट्टीच वाजली, इल्बिर्स रडला, आणि सगळ्या जिन्याने कासिमालीला शिव्या घातल्या. मग वीस मिनिटं. मग पाऊण तास. एका सकाळी झूराकान दोन तास दहा मिनिटं बागेत बाकावर बसून आली आणि इल्बिर्स गोळा उलटा करून कुरुत काढत होता. कासिमालीने आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण ट्रक रविवारी येतोच आहे. तुम्ही दिवसभर घराबाहेर गेलात आणि तो गप्प राहिला, तर मी सह्या फाडतो. त्याआधी नाही."

"दिवसभर मी कुठे जाणार?"

त्याच संध्याकाळी त्युप गावाहून धाकट्या बहिणीचा, कालिपाचा फोन आला.

"काय गं, तुला म्हणे सगळ्या इमारतीने वाळीत टाकलंय? कुणी सलामसुद्धा करत नाही? भिंतीकडे तोंड फिरवतात? काय केलंस तरी काय?"

"कुणी सांगितलं?"

"अख्ख्या त्युपला माहितीये. ते जाऊ दे. शनिवारी माझ्या पोराच्या लग्नाचा तोय आहे, विसरलीस ना? बाता तू द्यायचीस. घरात मोठी तूच. सकाळी यायचं आणि संध्याकाळपर्यंत हलायचं नाही."

शनिवार सकाळ. झूराकानने गोळा कुरुतने गच्च भरला, जमिनीवर ठेवला, आणि इल्बिर्सकडे न बघता निघाली. बघितलं असतं तर निघणं झालं नसतं. जिन्यात प्रत्येक मजल्यावर माणसं मुकी उभी होती. उमसुनायच्या डोळ्यांत पाणी होतं, ते दुःखाचं की न विचारण्याचं हे सांगता येत नाही. स्टँडवर यंत्रातली पोर म्हणाली, "त्युप, पाच नंबर." झूराकानने तिच्याशी भांडणसुद्धा केलं नाही.

तोयाच्या मेजवानीत तिला मानाच्या जागी बसवलं. बाता द्यायला उभी राहिली तेव्हा लोक सरसावून बसले, कारण तिची बाता अर्धा तास चालायची आणि त्यात सात पिढ्या यायच्या. त्या दिवशी ती म्हणाली, "सुखी राहा, पोरंबाळं होऊ देत," आणि हात चेहऱ्यावरून फिरवून बसली. लोक वाट बघत राहिले. ती टेबलाखाली फोन लावत होती.

"उमसुनाय, काय करतोय?"

"काही नाही, एजे. एकदम शांत."

"शांत म्हणजे किती शांत?"

"म्हणजे शांतच. काहीच आवाज नाही."

"श्वास घेतोय का?"

"एजे, मी खालच्या मजल्यावर आहे. इथून श्वास कसा ऐकू येईल?"

"मग वर जा. दाराला कान लाव."

पाच मिनिटांनी पुन्हा. "लावला?"

"लावला. काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"एजे, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

झूराकानने फोन ठेवला आणि समोरच्या ताटातलं सफरचंद हातात फिरवत राहिली. तो गप्प आहे. तीन तास गप्प. चार तास गप्प. घशात कुरुत अडकला असेल. नाहीतर खिडकीतून पडला असेल. नाहीतर मी गेलेलं त्याला कळलंच नसेल. यातलं तिसरं पहिल्या दोहोंपेक्षा वाईट आहे असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लाज वाटली.

मांसाची ताटं यायला लागली. थोरल्या बहिणीचा मानाचा वाटा घेऊन नवरदेव स्वतः निघाला होता. तो यायच्या आत उठून जाणं ही नाक कापण्यासारखी गोष्ट. झूराकानने कोट घातला आणि जागेवरच बसून राहिली. कुणी पाहिलं नाही. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सरबत प्यायली. कुणी पाहिलं नाही. मग ती एक मिनिट बाहेर गेली, आणि ते मिनिट तिने संपू दिलं नाही. रस्त्यावर काराकोलची टॅक्सी भरत होती.

अर्ध्या वाटेत फोन वाजला. टॅक्सीतल्या चारही जणांना ऐकू गेलं.

"न सांगता गेलीस! न चाखता गेलीस! माझ्या एकुलत्या एका पोराच्या लग्नातून! पोरगा वाटा हातात घेऊन उभा आहे आणि मावशीचा पत्ता नाही! आता मी तोंड कुणाला दाखवू?" आणि कालिपाने जो गळा काढला तो काढला. झूराकानला वाईट वाटलं. हिच्यासाठी कुणी कुरुतचा गोळा ठेवला नव्हता.

पाच वाजता ती जिना चढली, गुडघ्यांना न विचारता. दारापाशी थांबली. आत काही आवाज नाही. दार उघडलं.

इल्बिर्स तिच्या नवऱ्याच्या जुन्या मेंढीच्या कातड्यावर पसरला होता. शेजारी रिकामा गोळा. त्याने एक कान उचलला, एक डोळा उघडला, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, एक लांब सुस्कारा सोडला आणि डोळा मिटून घेतला.

झूराकान दारात उभी राहिली. नऊ तास. एकही हंबरडा नाही. उद्याचा ट्रक मेंढ्या घेऊन जाईल आणि त्यात कुत्रा नसेल, साखळी नसेल. महिनाभर ती याच एका गोष्टीसाठी धडपडली होती आणि ती आता पुरी झाली होती. तिने नाचायला हवं होतं. त्याऐवजी ती आहे तिथे, कोटासकट जमिनीवर बसली.

ती गेली की रडणारं जगात एकच कुणीतरी उरलं होतं. नवरा गेला तेव्हा ती मागे राहिली. मुलगी गेली तेव्हा ती मागे राहिली. स्टँडवरून गेली तेव्हा गाड्या वेळेवर सुटत राहिल्या. एकतीस वर्षं तिने सगळ्यांना निरोप द्यायला लावले आणि तिला निरोप द्यायला कुणी आलं नाही. मग हा वेडा आला, कांदे आणायला गेलं तरी चार मजले हलवणारा. आणि तिने स्वतःच, मिनिटामिनिटाने, त्याला शिकवलं की झूराकान गेली तर काही बिघडत नाही. तो शिकला. हुशार होता.

तिने ओठ चावून धरले. दोन मिनिटं धरले असतील. मग तो आवाज सुटला, स्टँडवरचा, माइकशिवायचा. इल्बिर्सने कान खाली पाडले आणि कातड्यात तोंड खुपसलं.

थोड्या वेळाने दार वाजलं. कासिमाली उभा होता, हातात वही, गळ्यात स्टॉपवॉच, चेहरा पडलेला.

"एजे, चौथ्या मजल्यावरून तक्रार आली. मला वाईट वाटतंय, सगळ्यांनाच वाटतंय, दिवसभर इतकं छान चाललं होतं. पण नियम म्हणजे नियम. रडण्याचा आवाज आला."

"तो झोपलाय," झूराकान म्हणाली.

कासिमालीने आत डोकावून बघितलं. इल्बिर्स घोरत होता. मग त्याने जमिनीवर बसलेल्या झूराकानकडे बघितलं, तिच्या ओल्या चेहऱ्याकडे, बटणं लावलेल्या कोटाकडे. वही उघडली, सह्यांचा कागद काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि खिशात घातले. तरी तो गेला नाही.

"सकाळपासून जिना कसा सुना होता," तो म्हणाला. "मला दुपारची झोपसुद्धा लागली नाही."

झूराकानने नाक पुसलं.

"ती डॉक्टरीण काय म्हणाली होती?" कासिमालीने विचारलं. "एकटं राहायची सवय नसेल, तर सुरुवातीला किती वेळ बाहेर थांबायचं?"

"एक मिनिट."

कासिमाली दार लोटून बाहेर गेला. जिन्यात त्याचं घड्याळ टिकटिकत होतं, आणि पायऱ्यांवर आणखी कुणाकुणाची कुजबूज होती. मग दार उघडलं.

"झालं मिनिट, एजे," तो म्हणाला, आणि बूट काढून आत आला.